सुटलेली सावड

कांडला बंदर, कच्छ
ता. २४ जुलै १९५४

आक्का,

तरी तू तेच केलंस. निघताना वेशीपाशी म्या काय सांगितलं व्हतं? एक वेळ उपाशी ऱ्हा, पर गावाचे उपकार घरात घेऊ नको. त्यावर तू म्हणालीस, "उपकार कुटला आन् सावड कुटली, एवढं कळायला डोकं लागतं, कान्हू." बरं. डोकं तुला एकटीलाच दिलंय देवानं. आता त्या डोक्यानं काय झालं ते ऐक.

नेऱ्याचा वाल्मीक गावाकडं जाऊन परवा कामावर परत आला. जेवायला बसल्यावर साऱ्यांच्या देखत मला म्हणतो, "कान्हू, तू वाहा हितं दगड. तितं घोटावड्यात तुझ्या खाचरात आख्खी आळी भाताची रोपं लावायला, आवणीला उतरलीया. आन् तुझ्या घरनं कोण? एकटी साळूबाई." पंगत हसली. एक बीडकडचा हाय, त्यो म्हणतो, "गावच पोसतंय तर तू कशाला आलास रं खारं पाणी प्यायला?" मी ताट सारून उठलो.

सावड कशाला म्हणत्यात ते मला शिकवू नको. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. ज्याच्या घरात गडी त्याची सावड. आपल्या घरात गडी कोण हाय? दादा औंधाच्या बाजूला क्षयाच्या दवाखान्यात पडलाय, मी हितं, दादाचा कुशा सात वर्सांचा. मग आळी येती ती सावडीला न्हाई, कीव करायला येती. वैनी मेली, दादा खाटंवर, तीन पोरं, आन् नवऱ्यानं दुसरी केली म्हणून परत आलेली बहीण. ह्या चार गोष्टी बोलायला लोकांना गोड लागत्यात.

तवा आता ऐक. कापणीला सावड घ्यायची न्हाई. मी पैसे धाडीन, वरच्या वाडीवरची माणसं रोजानं लाव.

दुसरं. वैनीच्या तान्ह्या बारक्याला भिकूची बायको गोजरा अजून अंगावर पाजती म्हणं. मला वाटलं, वैनीचा तेरावा झाल्यावर तू शेळी बघितली आसशील. तिच्या पदरात तिची पोर हाय. दुसऱ्याचं लेकरू रोज पाजायचं तर फुकट कोण पाजंल, आन् का पाजावं? ह्या मनीआर्डरीतले पाच रुपये तिला दे. दुधाचे म्हणून सांग. एकदा चुकते केले म्हंजे कुणाच्या बापाचं ऐकून घ्यायला नको.

चंद्राची शाळा सोडवू नको. चौथी होऊ दे.

तुझा,
कान्हू


कांडला
ता. १९ सप्टेंबर १९५४

आक्का,

तुझं कार्ड आलं. आलं म्हंजे काय, पोस्टमन जयसिंगभाऊच्या अक्षरात दीड ओळ. "पैसे पोचले. तुझ्या म्हणण्यापरमानं केलं." एवढं लिहायला एक कार्ड घालवलंस? बारक्याला दात किती आले, म्हैस व्याली का, दादाला दवाखान्यात कुणी भेटून आलं का, कायच न्हाई. रुसलीस व्हय? रूस. माझ्या म्हणण्यापरमानं केलंस हे बास हाय मला.

हितलं सांगतो. हितं समुद्र हाय पर निळा न्हाई, चिखलाचा हाय. सकाळी पाणी धक्क्याला लागतं आन् दुपारी बघावं तर मैलभर नुसता रेंदा. त्या रेंद्यात लाकडाचे आन् शिमिटाचे खांब ठोकत्यात, त्यावर बंदर हुनार. मी दगडाच्या ट्रॉलीवर हाय. प्यायचं पाणी गाडीच्या टाकीतून येतं, त्याला रांग. आपल्या ओढ्याचं पाणी आपण म्हशीच्या अंगावर ओततो, हे हितं सांगितलं तर मला खोटारडा म्हणत्यात. उंट दर्यात पोहून जात्यात आन् चिखलातली झुडपं खात्यात. कुशाला सांग, काकानं पोहणारा उंट बघितला.

मुकादम मला "ए पूना" म्हणून हाक मारतो. म्या सांगितलं, पुणं न्हाई, मुळशी. तर म्हणतो, "एक ही बात है." एकच कशी आसंल?

कापणीचे पैसे येगळे धाडलेत. वाडीवरची माणसं आदीच सांगून ठेव, दिवाळीच्या तोंडाला मिळायची न्हाईत.

दादाला भेटायला जाशील तवा पोरांना तारंच्या कुंपणाभाईरच उभं कर. त्याला लांबनं दिसली म्हंजे झालं. मागल्या बारीला तो वऱ्हांड्यातनं हात हालवत व्हता आन् बारक्या कावळ्याकडं बघत व्हता, ते अजून माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाई.

कान्हू


कांडला
ता. ११ डिसेंबर १९५४

आक्का,

आता मला कळलं तू दीड ओळ का लिवलीस.

वाल्मीक दिवाळीला जाऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "गड्या, तुझ्या पत्रानं घोळ केलाय." मग त्यानं सांगितलं. माझं जुलैचं पत्र जयसिंगभाऊनं नेहमीसारखं आपल्या ओट्यावर बसून वाचलं. ओट्यावर कोण कोण व्हतं तेबी सांगितलं. आळीतला थोरला हैबतराव पान लावत बसला व्हता. भिकू व्हता. आन् गोजरावैनी बारक्याला पदराखाली घेऊन बसली व्हती.

जयसिंगभाऊला काय म्हणावं? माणसानं वाचताना पुढची ओळ आदी डोळ्याखालनं घालावी का न्हाई? "फुकट कोण पाजंल" हे त्यानं ठणठणीत वाचलं म्हणं. "पाच रुपये" हेबी. तितं आवाज खाली घ्यायला काय झालं व्हतं?

आन् गोजरावैनी उठली. बारक्याला पदराखालनं काढलं, तुझ्या मांडीवर ठिवलं आन् म्हणाली, "साळूबाई, पाच रुपयांत एवढंच बसतं."

वाल्मीक म्हणतो, तवापास्नं ती आपल्या दारावरनंबी जात न्हाई, इहिरीला लांबनं वळसा घालून जाती. बारक्या चार राती रडला. तू त्याला भाताची पेज पाजलीस, बोटाला गूळ लावून चोखायला दिलंस. हे मला कळवलं का न्हाईस? वाल्मीकाच्या तोंडनं कळायला पायजे व्हतं व्हय?

तरीबी मी इचारतो, म्या काय चोरी सांगितली? घेतलं त्याचे द्यायचे, हे चूक हाय? हितं तर पाण्याच्या बादलीचेबी द्यायला लागत्यात आन् कुणाला राग येत न्हाई. पैसा घेतला, पाणी दिलं, दोघं मोकळे. मला वाटलं तितंबी मोकळं करावं. तू मोकळी होशील आसं वाटलं, आक्का. रोज कुणाच्या तरी दाराकडं मिंधेपणानं बघायचं, ते सुटंल.

आन् कापणीला वाडीवरची माणसं उतरली तवा हैबतराव बांधावर उभा राहून काय म्हणाला, तेबी कळलं. "ज्याच्या खाचरात रोजाचा गडी उतरला, त्याची सावड सुटली. कान्हू पैकंवाला झालाय, चांगलंच हाय." तो म्हातारा म्हणाला म्हंजे आळीनं ते धरलं. तू त्याला काय उत्तर दिलंस ते वाल्मीकाला ठावं न्हाई. तू काय दिलंच नसशील. तू गप बसतीस आन् मग समद्यांना वाटतं तूच बरोबर.

जाऊ दे. मी हाय ना. माझा हात चालतोय तवर कुणाची सावड लागत न्हाई. म्हयन्याच्या म्हयन्याला धाडीन.

कान्हू


कांडला
ता. २ एप्रिल १९५५

आक्का,

अक्षर बघून घाबरू नको. डाव्या हातानं लिवतोय. उजव्या हाताच्या बोटाला थोडं लागलंय. ट्रॉलीची कडी निसटली. दोन बोटं बांधल्यात. ठेकेदाराचा डाक्टर बरा हाय.

ह्या म्हयन्यात मनीआर्डर व्हनार न्हाई. पुढल्या म्हयन्यात बघू.

रोपांच्या वाफ्यावर राब भाजायला पाला गोळा करायला पोरांना संगं घे. एकटी डोंगराला जाऊ नको.

वाल्मीकाला म्या सांगून ठिवलंय, गावाला गेलास तर हाताचं कुणाला बोलू नको. तो बोलला तर खोटं समज.

कान्हू


कांडला
ता. १८ जून १९५५

आक्का आन् चि. चंद्रा,

चंद्रा, तुझं पत्र मिळालं. आक्कानं सांगितलं न्हाई तरी तू लिवलंस, हे बरं केलंस. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं हाय, दोन्ही हातांपेक्षा. तुझी चौथी झाली हे तू खाली बारीक लिवलंयस, ते आदी लिवायचं आसतं.

तू लिवतीस, आक्कानं आन् तुमी दोघांनी पाला आणून राब भाजला, रोपं चांगली वर आल्यात, पर आवणीला कोण येणार न्हाई. आक्का कुणाच्या दारी गेली न्हाई. वाडीवरची माणसं म्हणाली, आदी पैसे. पैसे न्हाईत. हैबतराव येऊन ओट्यावर बसला आन् म्हणाला, "साळू, वायटपणा घेत न्हाई मी. एकट्या बाईनं तीन तोंडं कुटवर वढायची? कुशा माझ्याकडं गुरांमागं राहील, दोन वेळा पोटभर खाईल. चंद्रीला पुण्यात वकिलाच्या घरी ठिवू, त्यांना पोरगी पायजेच हाय. तान्हं तेवढं तुझ्याकडं. खाचर यंदा पडू दे." आन् आक्का म्हणाली, "आवणी झाली न्हाई तर बघू."

आक्का, "बघू" म्हणालीस? दादा बरा होऊन कुंपणाभाईर आला आन् त्यानं इचारलं पोरं कुटं, तर काय सांगायचं? एक वकिलाच्या मोरीवर, एक गोठ्यात? वैनी जाताना तिनं तुझा हात धरला व्हता, मी उंबऱ्यात उभा व्हतो. ती म्हणाली, "वन्सं, वाटून टाकू नका." म्या ऐकलं. दुसऱ्या कुणी ऐकलं न्हाई.

हैबतराव वायट न्हाई, हे मला ठावं हाय. तो वायट असता तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी देता आल्या असत्या. तो पोटाला घालंल. पर घालणार तीन दारांत.

मी येतो म्हणून चार बारी निघालो. ठेकेदार म्हणतो, काम सोडून गेलास तर तुंबलेला पगार ईसर. म्या म्हटलं, ठिव तुझा पगार, मला गाडीभाड्यापुरतं दे. तो हसला. म्या त्याच्या टेबलावर हात आपटला, चुकून उजवा, आन् तितंच खाली बसलो. खरं सांगतो, दोन बोटं न्हाईतच. कापली. आंगठा हाय. मुकादमानं मला आता ट्रॉलीवर न्हाई घेतलं, पाण्याच्या टाकीवर बसवलंय, आरध्या पगारावर. दिवसभर रांगेतल्या लोकांना पाणी वाटतो.

चालत यावं असंबी मनात आलं. वाल्मीक म्हणाला, "येड्या, हितनं मुळशीला चालत पोचशील तवा भात कापायला आला आसंल."

आन् आलो तरी काय? आवणीला चार बोटांनी मूठ धरावी लागती. मी आलो तर सावडीत आरधा गडी.

चंद्रा, वकिलाकडं जायचं न्हाई. आक्का म्हणाली तरी न्हाई. पर तिला उलटंबी बोलू नको. काय करायचं ते मला ठावं न्हाई, पोरी. समजलं असतं तर लिवलं असतं.

काका


कांडला
ता. २९ जून १९५५

हे पत्र चंद्रानं वाचू नये. जयसिंगभाऊ, तुमीच वाचा, आपल्या ओट्यावर बसून, आन् आवाज खाली घेऊ नका. मागल्या बारीला घेतला न्हाई, आताबी घेऊ नका. भिकू आन् गोजरावैनी ओट्यावर नसतील तर त्यांच्या दारापुढं जाऊन वाचा. हैबतराव आबांना बोलवा. पाऊस आसंल तर देवळात वाचा.

आक्का, तुझ्या उत्तराची वाट बघत बसलो न्हाई. रोपं वाट बघत न्हाईत. एकदा जून झाली की लावूनबी उपेग न्हाई, हे हितं टाकीपाशी बसून मला रोज आठवतं. दिवस मोजतो आन् पाणी वाटतो.

वाटता वाटता एक झालं. रांगेत एक कच्छी बाई येती, कडंवर पोर. परवा टाकी सरली. सगळी रांग शिव्या देत पांगली, ती तितंच उन्हात बसली. माझ्या पेल्यात माझ्या वाटणीचं पाणी व्हतं. ते म्या त्या पोराला पाजलं. बाईनं कमरंचं नाणं काढून मला द्यायला धरलं. आन् मला इतका राग आला, आक्का, की मी तिच्यावर ओरडलो. ती बिचारी घाबरून गेली. तिची काय चूक? ती चुकतंच करत व्हती. मग मी टाकीमागं जाऊन उभा राहिलो.

गोजरावैनी, तुमाला ही गोष्ट कशापायी सांगतोय ते तुमाला कळंल. माफी मागायला मला जमत न्हाई, आक्काला इचारा, ल्हानपणापास्नं जमत न्हाई. पर बारक्याच्या अंगात जे रगत हाय त्यातलं निम्मं तुमचं. त्याची किंमत करणारा मी कोण? कार्डात आक्कानं कायबी लिवलं तरी पाच रुपये तिनं तुमाला दिले नव्हते, हे मला ठावं हाय. ती देणारच न्हाई. तिनं ते चंद्राच्या पाटी-पुस्तकाला वापरले आसतील, तर तसं समजा की तुमीच शिकवली तिला.

हैबतराव आबा, तुमी म्हणालात रोजाचा गडी उतरला की सावड सुटली. रीत तशीच हाय, मी नाकबूल करत न्हाई. पर रोजाचा गडी आक्कानं उतरवला न्हाई, म्या उतरवला. सावड सुटली ती माझी. तिची का सोडता? आळीतल्या कुटल्या खाचरात ती उतरली न्हाई ते एक नाव सांगा. सावड सुटल्यावरबी ती समद्यांच्या कापणीला गेली, चंद्रानं लिवलंय. बोलावलं न्हाई तरी गेली, कडंच्या ओळीत उभी राहिली, आन् जेवायच्या आदी घरी आली. एका बाईची वर्सभराची पाठ हाय ती. ती सावडीत धरा. तिच्यावर जे कमी पडंल ते माझ्या नावावर लिवा. मी आलो म्हंजे आरधा का हुईना गडी म्हणून समद्यांच्या खाचरात उतरंन. आरध्याला दुप्पट वर्सं लागतील, लागू देत.

कुशाला गुरांमागं लावा, पर आपल्या घरनं जाऊ द्या आन् सांजंला आपल्या घरी येऊ द्या. चंद्रीला पुण्याला धाडू नका. एवढंच मागतोय. मागतोय हे लिवताना हात लई जड झाला, पर हात तसाबी जडच हाय.

आक्का, वेशीपाशी तू आजून एक म्हणाली व्हतीस. मी तवा मागं वळून बघितलं न्हाई, पर ऐकलं. "पैसा नको रं, माणूस पायजे." माणूस मला धाडता येत न्हाई. ठेकेदार सोडत न्हाई आन् सोडला तरी हा असला. तवा तू माणसं बोलाव. आळी आली तर, आली तरच म्हणतो, रोपांची पैली मूठ तू लावू नको. वैनी व्हती तवा ती लावायची, घरच्या लेकरांच्या आईनं लावायची असती. ती गोजरावैनीच्या हातात दे. तिनं घेतली न्हाई तर बांधावर ठिव आन् थांब. किती येळ ते मला माहीत न्हाई.

आन् कुणीच आलं न्हाई, तर तू, चंद्रा, कुशा, तिघं जेवढं लागंल तेवढं लावा. एक वाफा तरी हिरवा दिसू दे. दादा कवा आला तर त्याला दाखवायला.

सावडीच्या माणसांना जेवण घालायचं असतं. घरात तांदूळ किती उरलाय ते चंद्रानं लिवलं न्हाई, त्यावरनं समजलो. त्यापायी मनीआर्डर केलीया. कुटनं आले ते इचारू नको. जयसिंगभाऊ, हे नीट वाचा: ही मजुरी न्हाई, दुधाचे न्हाईत, कुणाचे चुकते करायचे न्हाईत. तांदूळ, गूळ आन् वाटाण्याच्या आमटीपुरते हायेत, आळी जेवावी म्हणून.

रुपये सात.